पडदा चौकात लावा



सेलूच्या पट्ट्यात बाईच्या कमाईचा विषय काढायला लांब जावं लागत नाही. ओटी बांधून वावरात दिवसभर कापूस वेचते ती. काट्यावर वजन होतं, गाडी बाजारात जाते आणि चुकारा निघतो घरधन्याच्या नावानं, कारण सातबारा त्याचा. तिचे कष्ट साऱ्या गावाला दिसतात, पण कमाई म्हणून कोणी ते मोजत नाही. ही नजर बदलायची ताकद सिनेमात आहे, असं मी ठामपणे मानते. तो कोणापुढे दाखवायचा, एवढंच आज बोलायचं आहे.

‘मंथन’ आठवा. १९७६ चा चित्रपट. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो उभा केला. दिग्दर्शन श्याम बेनेगलांचं, पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची आणि त्यातली गावची बाई बिंदू झाली स्मिता पाटील. पुढे वर्गीस कुरियन यांच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं या चित्रपटाच्या प्रती गावोगावी नेल्या. सोबत पशुवैद्य आणि दुधातले जाणकार असत. चित्रपट पाहून शंका आली, तर विचारायला माणूस समोर हजर! चित्रपटातला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. बिंदूचा अंगठा भलत्याच कागदावर उठवून घेतात. म्हैस सांभाळते ती, धार काढते ती. कागदावर काय लिहिलंय ते मात्र तिला ठाऊक नाही.

सुमित्रा भावे यांनी पुण्याच्या वस्त्यांमधल्या दलित स्त्रियांचा अभ्यास केला. ज्यांच्याविषयी तो लिहिला त्या बायांपर्यंत छापील कागद पोचणार नव्हता. म्हणून भावे चित्रपटाकडे वळल्या, आणि १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट झाला. माणसांकडून घेतलेलं त्यांनाच परत करण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते.

आपण मात्र असे लघुपट बचतगटाच्या बैठकीत दाखवतो. तिथल्या बायांना ते आधीच पटलेलं असतं. ज्यांना पटायला हवं ते सासरे, नवरे, दीर आणि सोसायटीचे संचालक तेव्हा पारावर बसलेले असतात. लघुपटांतही पापड, लोणची आणि शेवटी सत्काराचा हार. वेचणीचा दर, बियाण्याची उधारी, कर्जाचा हप्ता हे का दाखवू नये? घर कोण चालवतं, हे हिशेब पाहिला की पुरुषांनाही कळतं.

पुरुष ऐकतच नाहीत, हे मला मान्य नाही. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मी मुक्ती’ची हाक दिली ती थेट शेतकऱ्यांना: बायकोच्या नावे जमीन करा. पुष्कळांनी केली. १९९२ मध्ये शासनानं त्यासाठी परिपत्रकही काढलं. नवऱ्यानं अर्ज केला, तर त्याच्या हयातीतच बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लागू शकतं. ही तरतूद आपल्या किती घरांत माहीत आहे?

म्हणून माझी विनंती आहे, यंदा वेचणी संपली की पडदा चौकात लावा. पुरुषांना पुढच्या रांगेत बसवा. खेळ संपल्यावर दिवे लागले की तलाठ्याला बोलू द्या आणि त्या अर्जाचे कोरे कागद तिथंच ठेवा.