आधी माप, मग चित्र

(उरवडे येथे ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, लग्नातील खर्च, वसतिगृहासाठी निधी अशा विषयांवर अधिकारी व्यक्ती बोलत असतात. यंदा चिटणीसांनी मजकडे सोपविलेला विषय निराळा आहे. आपली मुलेमुली आता कागदावर कमी आणि मोबाइलच्या व टॅब्लेटच्या काचेवर अधिक चित्रे काढतात. त्यांतली काही चित्रे खरोखर उत्तम असतात. परंतु ती स्मरणिकेत किंवा भिंतीवरच्या कॅनव्हासवर छापावयास गेले की पुसट, फाटकी आणि पायऱ्यापायऱ्यांची निघतात. काचेवर रेखीव दिसणारे चित्र छापताना का बिघडते आणि ते बिघडू नये म्हणून आरंभीच काय करावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

मी केवळ मॅट्रिक झालेला, प्राथमिक शाळेत आयुष्य घालविलेला मनुष्य. आमच्या शाळेत संगणक आला तेव्हा माझे केस पांढरे होऊ लागले होते. तरीही हा विषय मला कळला याचे कारण माझा जन्म शिंप्याच्या घरचा आहे. माप घेणे, कापड बेतणे आणि शिवणीत माया ठेवणे ही तीन कामे ज्याने वडिलांच्या मांडीशी बसून पाहिली आहेत, त्याला या विद्येत फारसे परके असे काही वाटणार नाही.

प्रथम ठिपक्यांचा विचार करू. संगणकावरील चित्र रेषांचे दिसते, पण असते ठिपक्यांचे. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. प्रत्येक ठिपक्यात एकच रंग भरलेला असतो. आमच्या आया अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढीत, तेव्हा पंधरा ठिपके पंधरा ओळी असे आधी ठरवीत व मग रेषा जोडीत. संगणकातील चित्रकारही नवे चित्र उघडतो तेव्हा त्याला आडवे किती आणि उभे किती ठिपके हवेत हे विचारले जाते. त्या आखलेल्या अंगणालाच तेथे कॅनव्हास म्हणतात. पुष्कळ मुले हा प्रश्न न वाचताच पुढे जातात आणि यंत्राने आपणहून सुचविलेले माप पत्करतात. ते माप बहुधा मोबाइलवर पाहण्याचे असते, छापण्याचे नसते.

छापताना एका इंचात किती ठिपके बसविले यावर चित्राचा बारीकपणा ठरतो. सुताच्या घनतेवरून जसे मलमल आणि मांजरपाट ओळखावे, तसेच हे आहे. भागाकार सोपा आहे: एकूण ठिपके भागिले छापावयाचे इंच. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. काही जण चित्र पूर्ण झाल्यावर त्याच्या माहितीतील ७२ हा आकडा पुसून तेथे ३०० लिहितात आणि चित्र सुधारले असे समजतात. कापड तेवढेच ठेवून टेपेवरचे आकडे बदलण्यासारखे ते आहे. ठिपके वाढत नाहीत.

ही ठिपक्यांची विद्या काही आज जन्मलेली नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात चित्रशाळा छापखाना निघाला आणि देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे सामान्यांच्या घरी गेली. पुढे राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला छापखाना काही वर्षांनी लोणावळ्याजवळ मळवली येथे आला. मळवली म्हणजे आपल्या मुळशीला लागून असलेल्या मावळ तालुक्यातले गाव. रविवर्मा तैलचित्र कॅनव्हासवर रंगवीत. त्याची छपाई करावयाची तर कारागिरांना प्रत्येक रंगासाठी निराळा दगड तयार करावा लागे. चेहऱ्यावरची उजेडाची छटा दगडावर बारीक ठिपक्यांनी हाताने उतरवावी लागे, आणि एकावर एक रंग छापताना खुणा केसभरही हलता कामा नयेत अशी दक्षता असे. जे दगडावर उतरले नाही ते कागदावर कधी येत नसे. पुढे तो छापखाना श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला आणि १९७२ मध्ये आगीत नष्ट झाला. त्या छापखान्यातील लक्ष्मी-सरस्वती मात्र अनेक घरांतून अजून आहेत. हौशी लोक त्या चित्रांतील देवीला खरे कापड, जर आणि टिकल्या लावून सजवीत. त्यात आपल्या घरांतील सुयाही चालल्या असतील, असे मला वाटते.

आता आपल्याच समाजातील एक गोष्ट सांगतो. या भागातील एका घरी आजोबा वारले. त्यांनी पन्नास वर्षे पंचक्रोशीचे कपडे शिवले, पण स्वतःची छबी कधी काढविली नाही. मागे राहिला तो ओळखपत्रासाठी काढलेला एक लहानसा फोटो. आपल्या जुन्या पिढीचे बहुतेक घरी असेच आहे. नात चित्रे काढते. वर्षश्राद्धापूर्वी आजोबांचे चित्र कॅनव्हासवर छापून घरात लावावे असे तिने मनात धरले आणि वीस दिवस संध्याकाळी बसून ते पूर्ण केले. मोबाइलवर ज्यांनी ते पाहिले त्यांचे डोळे पाणावले. छपाईवाल्याकडे नेल्यावर त्याने माप पाहिले: आडवे १०८०, उभे १३५० ठिपके. छापावयाचे होते चोवीस इंच बाय तीस इंच. म्हणजे इंचाला अवघे ४५ ठिपके. त्याने मिशांचा भाग तेवढ्या आकारात छापून दाखविला. केसांच्या जागी जिन्याच्या पायऱ्या दिसत होत्या. तो भला मनुष्य होता. त्याने सांगितले की, हे चित्र सात इंच बाय नऊ इंच सुरेख निघेल. मोठे हवे असल्यास पुन्हा काढावे लागेल.

मुलगी घरी येऊन रडली. आईने सांगितले की सात-नऊ इंचांचेच लावू, काय बिघडले! पण मुलीने ऐकले नाही. कोणी तिला सुचविले की, कृत्रिम बुद्धीची साधने हल्ली लहान चित्र क्षणात मोठे करून देतात. तिने तेही करून पाहिले. चित्र स्वच्छ आले, पण आजीने पाहताच विचारले, “हे कोण?” ते यंत्र मधले ठिपके अंदाजाने भरते. डोंगर, झाडे, आभाळ यांना तो अंदाज चालून जातो. माणसाच्या डोळ्यांना चालत नाही. पापणीची कड जराशी सरकली की माणूस बदलतो. निदान गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर हा प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा तिने नवा कॅनव्हास आखला. कसा आखला ते नीट सांगतो, कारण तेच या भाषणाचे मर्म आहे.

निकोप डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाहून जवळ आलेले ठिपके सुटे दिसत नाहीत, असे मानतात. हातातील पान डोळ्यापासून फूटभर दूर असते. त्या अंतराचे गणित केले तर इंचाला सुमारे २८५ ठिपके येतात; म्हणून पुस्तकाच्या छपाईला ३०० चा दंडक आहे. तीन फुटांवरून पाहावयाच्या चित्राला याच हिशेबाने ९५ पुरतात. भिंतीवरचे चित्र मनुष्य जवळ जाऊनही पाहतो, म्हणून तेथे १५० धरावे. चौकातील वाढदिवसाचा फलक तीस फुटांवरून दिसतो. त्याला इंचाला ३०-४० ठिपके पुष्कळ झाले. दहा फूट बाय सहा फुटांच्या फलकास इंचाला ४० ठिपके या हिशेबाने ४८०० बाय २८८० ठिपके लागतात. हे ठिपके त्या आजोबांच्या चित्राच्या ठिपक्यांहून कमीच आहेत! आकार मोठा म्हणजे ठिपके अधिक, असे नव्हे. ते कोठून पाहावयाचे आहे हे आधी विचारावे.

चोवीस आणि तीस इंचांना १५० ने गुणिले म्हणजे ३६०० बाय ४५०० झाले. पण येथे शिंप्याचे घर आठवावे. अंगाच्या मापाचे कापड कातरून भागत नाही, शिवणीत माया ठेवावी लागते. छापलेला कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणून मागे ठोकतात. चौकट दीड इंच जाड असेल तर कडेने दुमडण्यासाठी चारी बाजूंनी दोन इंच चित्र अधिक हवे. म्हणून माप झाले अठ्ठावीस बाय चौतीस इंच, ठिपके ४२०० बाय ५१००. या मायेत पार्श्वभूमी चालू ठेवावी. हात, पगडी, नाव त्यात जाऊ देऊ नये, नाहीतर आजोबांचा खांदा चौकटीच्या बाजूला वळतो. कागदावरील छपाईलाही माया लागते, पण ती थोडी, प्रत्येक बाजूस एक अष्टमांश इंच. आपल्या स्मरणिकेचे पान सव्वासात बाय साडेनऊ इंच धरले तर पूर्ण पानाचे चित्र मायेसह साडेसात बाय पावणेदहा इंच, म्हणजे २२५० बाय २९२५ ठिपके असावे.

कोणी म्हणेल, मग सरसकट ३०० च का धरू नये? अवश्य धरावे, यंत्राला पेलत असेल तर. ४२०० बाय ५१०० म्हणजे दोन कोटी चौदा लाखांवर ठिपके. चित्रकार पार्श्वभूमी, चेहरा, वस्त्र असे थर वेगळे ठेवतो, आणि एवढ्या मापाच्या एकेका थराला सुमारे ८६ एमबी स्मृती लागते. ३०० धरल्यास चौपट. साध्या टॅब्लेटवर मग दोन-चार थरांतच काम अडते. अंगरख्याला पुरेल तेवढेच कापड घ्यावे. ठाण विकत घेऊन दुकान गहाण टाकू नये.

त्या मुलीने जुने चित्र मोठे करून तळाच्या थरावर फिकट ठेवले आणि त्यावर नव्याने काम केले. ओळखपत्रावरील फोटो तिने या वेळी मोबाइलने न टिपता स्कॅनरवर इंचाला १२०० ठिपके घेऊन उतरविला. कपड्यावरचे, चेहऱ्यावरचे जे पूर्वी अंदाजाने भरले होते ते आता दिसू लागले. अकरा दिवस लागले. जागा वाढल्यामुळे आजीही शेजारी बसून सांगू लागली: कानावर खडूचा तुकडा खोचलेला असे, डाव्या अंगठ्याचे नख सुईने काळे पडले होते. १०८० ठिपक्यांच्या चित्रात त्या नखाला बोटभरही जागा नव्हती.

रंगांविषयी थोडक्यात. काच प्रकाशाने रंग दाखविते, कागद शाईने. पुस्तकाची छपाई निळसर, किरमिजी, पिवळी व काळी या चार शायांतून होते, आणि काचेवरचा झगझगीत पोपटी किंवा गडद निळा त्यांतून तसाच निघत नाही. म्हणून छपाईवाल्याला त्याच्या यंत्राची रंगव्यवस्था आरंभीच विचारावी, आणि पूर्ण चित्रापूर्वी चेहऱ्याचा हातभर तुकडा त्याच कॅनव्हासवर छापून पाहावा. दोनशे-तीनशे रुपये जातील, पण हजार वाचतील. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून रंगविलेले चित्र कागदावर काळवंडते, हेही लक्षात ठेवावे.

अक्षरांसाठी निराळी सोय आहे. ती ठिपक्यांऐवजी रेषांच्या गणिताने ठेवता येतात. मग कितीही मोठी केली तरी कड फाटत नाही. कागदी फर्म्यावरून लहान-मोठे सदरे बेततात तसे. नाव, तारीख, मंडळाचे बोधचिन्ह हे सर्व अशा रीतीने करावे.

शेवटी पाठविण्याविषयी, कारण स्मरणिकेचे निम्मे नुकसान येथेच होते. परिश्रमाने केलेले चित्र मुले व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवितात. ते वाटेत आवळले जाते आणि ठिपके गळतात. तेथेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविण्याची सोय आहे, ती वापरावी, किंवा पेनड्राइव्हवर घालून आणून द्यावे. जेपेग नावाच्या प्रकारात चित्र वारंवार उघडून पुन्हा साठविले तर दर वेळी थोडे झिजते. म्हणून थरांसह मूळ प्रत निराळी जपावी आणि छपाईस टिफ, पीएनजी किंवा पीडीएफ द्यावी. प्रतीच्या नावातच इंच, ठिपके आणि माया लिहून ठेवावी. आपले वडील गिऱ्हाइकाचे माप वहीत लिहून ठेवीत, तो मनुष्य दहा वर्षांनी आला तरी वही उघडत.

पुढील स्मरणिकेत समाजातील जुन्या कारागिरांची चित्रे देण्याचा कार्यकारिणीचा विचार आहे. ज्यांच्या घरी ओळखपत्रावरचे, लग्नातल्या घोळक्यातले, कसलेही फोटो असतील त्यांनी ते चौकटीच्या काचेतून न टिपता मूळ फोटो बाहेर काढून स्कॅन करून द्यावेत. मुलांना मी मापे लिहून देईन. माझे घर शाळेच्या मागे आहे, संध्याकाळी केव्हाही यावे.