गाडी बंद पडली, तर भुर्दंड कुणी सोसायचा?



सीमाभागावर बोलायचं म्हटलं की आपण १९५६ पासून सुरुवात करतो. आज मी रस्त्यावरून सुरुवात करतो. कारण इथं बसलेल्या कितीतरी जणांच्या घरी एखादी ट्रक आहे, नाहीतर भाऊ, मामा कुणाच्या तरी गाडीवर ड्रायव्हर आहे. कडगंचीतून जाणारा कलबुर्गी-आळंद रस्ता पुढं उमरग्याला पुणे-हैदराबाद महामार्गाला लागतो. सेडम, वाडीकडचं सिमेंट आणि आपल्या भागातली तूर या रस्त्यानंही महाराष्ट्रात जाते.

समजा, सेडमहून बारा चाकी गाडी ४०० पोती सिमेंट भरून उमरग्याला निघाली. पोतं ५० किलोचं, म्हणजे २० टन माल. कडगंची ओलांडली आणि मागचा पाटा तुटला. संध्याकाळची वेळ, आभाळ भरून आलेलं.

ड्रायव्हर आधी गाडीच्या मागं दगड आणि फांद्या टाकतो. (दगडांऐवजी लाल त्रिकोण ठेवा, आणि दगड ठेवलेच तर निघताना उचला. रात्री त्या दगडावर आदळणारा मोटरसायकलवाला आपल्याच गावचा असतो.) मग फोन सुरू. एक मालकाला, एक दलालाला. दलाल पहिल्यांदा विचारतो, "माल कोरडा आहे ना?" तुला लागलं का, हे नंतर. राग येतो, पण त्याचंही अडकलेलं असतंय. त्यानं पार्टीला शब्द दिलेला असतो आणि तिथं स्लॅबचं काम थांबलेलं असतं.

आता दोन वाटा. मिस्त्री जागेवर येऊन पाटा बदलणार असेल तर ताडपत्री घट्ट बांधून थांबायचं. नाहीतर दलाल जवळपासची रिकामी गाडी शोधतो आणि माल पलटी करतो, म्हणजे या गाडीतनं त्या गाडीत. ४०० पोती हमालांनी एकदा उतरवायची, एकदा चढवायची. दुसऱ्या गाडीचं भाडं, हमाली, रात्रीचा हॉल्ट, हा सगळा खर्च कुणाचा? बहुतेक वेळा दलाल पहिल्या गाडीच्या राहिलेल्या बॅलन्समधनं कापून घेतो. किती कापलं याचा कागद नसतो. मालक मग ड्रायव्हरवर चिडतो, "गाडी नीट चालवता येत नाही का?" पाटा मात्र आधीच्या चार खेपांच्या जादा वजनानं मेलेला असतो, आणि ते वजन भरायला लावणारा कधी दलाल असतो, कधी मालक स्वतः.

मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी आहे, म्हणून कायदा काढून वाचला. रस्त्यानं मालवाहतुकीचा २००७ चा केंद्राचा कायदा आहे, १ मार्च २०११ पासून लागू. त्याआधी १८६५ चा इंग्रजांचा कायदा चालत होता! नव्या कायद्यात 'वाहतूकदार' कोण, याच्या व्याख्येत बुकिंग कंपनी, एजंट आणि दलाल हे शब्द स्पष्ट लिहिलेत. त्यामुळं स्वतःच्या नावाची बिल्टी फाडणाऱ्यानं नंतर "मी तर नुसता दलाल" म्हणून हात झटकले, तर ते सहजासहजी चालत नाही. माल भिजला तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करायची जबाबदारी मालवाल्यावर नाही. नैसर्गिक आपत्ती, युद्ध, दंगल, सरकारी बंदी अशा कारणांची सूट आहे. त्या यादीत पाटा तुटणं नाही.

पण भरपाईला हद्द आहे. मालाची जास्त किंमत आधी लिहून दिली नसेल तर भाड्याच्या दहापट, आणि तीही मालाच्या किमतीपेक्षा जास्त नाही. आता हिशेब बघा. भाडं १५ हजार धरलं तर हद्द दीड लाख. ४०० पोती सिमेंटचं नुकसान साधारण त्यात बसून जातं. त्याच गाडीत २० टन तूर असेल तर? २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये. म्हणजे १६ लाखांचा माल, आणि हद्द तीच दीड लाख. तूर पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे प्रत्येकाला पाठ पाहिजे. माल देताना किंमत लिहून द्यायची, वाहतूकदार त्याचं जादा भाडं मागेल, ते आधीच बोलून घ्यायचं. उशिराची मुदतसुद्धा त्याच कागदावर लिहिता येते. तेवढ्या मुदतीतल्या उशिरानं झालेल्या नुकसानीची जबाबदारी मग भाड्याच्या रकमेपुरतीच राहते.

माझा खरा आक्षेप पुढं आहे. हा कायदा मालवाला आणि वाहतूकदार यांच्यातला आहे. दलाल आणि एका गाडीचा मालक यांच्यात पलटीचा खर्च कसा वाटायचा, ड्रायव्हरच्या रात्रीचे पैसे कुणी द्यायचे, हे तो सांगत नाही. ते फोनवरच्या बोलण्यावर चालतं, आणि बोलण्यात जोर दलालाचा, कारण परतीचं भाडंही त्याच्याच हातात.

भाषेचं म्हणाल तर रस्त्यावर अडचण येत नाही. आपला ड्रायव्हर मिस्त्रीशी कन्नड, मराठी, दखनी, जमेल तशी बोलतो आणि पाना हातात घेतो. अडतं ते कागदाशी. बिल्टीच्या अटी बारीक इंग्रजीत, ई-वे बिल इंग्रजीत. सिमेंटसारखा माल पलटी करताना नव्या गाडीचा नंबर ई-वे बिलात भरावा लागतो. केए ३२ चा माल एमएच २५ मध्ये चढला आणि कागदावर जुनाच नंबर राहिला, तर तपासणीत गाडी अडते. २०० किलोमीटरपर्यंत एक दिवसाची मुदत असते. ती संपायच्या आधी आठ तास किंवा संपल्यावर आठ तासांत वाढवून घेता येते. रात्री मिस्त्रीची वाट बघत बसलेल्या ड्रायव्हरला हे कोण सांगणार? घरातला कॉलेजला जाणारा पोरगा नाहीतर पोरगी सांगू शकते, म्हणून मी इथं बोलतोय.

गाडी बंद पडली की लगेच फोटो काढायला सांगा. तुटलेला पाटा, झाकलेली ताडपत्री, रस्ता. पलटीचा खर्च ठरला की दलालाला मेसेज करा, "इतकं भाडं, इतकी हमाली, इतकं कापणार, बरोबर?" त्याचं 'हो' लिखित येऊ दे. आणि नुकसान मालवाल्याचं असेल तर दावा लावायच्या आधी लेखी नोटीस लागते, बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. कायद्याची प्रत माझ्याकडं आहे. कुणाच्या घरी जुनी बिल्टी पडलेली असेल तर घेऊन या, मागच्या अटी मराठीत लावून वाचू.