नाण्यावरची उंच रेघ

खिशातलं एखादं नाणं उजेडात तिरपं धरा. त्यावर बारीक रेघ दिसली, तर तिच्यावरून नख फिरवा. रेघ खोलगट लागली तर तो वापरातला ओरखडा. उंच लागली तर बहुधा टांकसाळीतूनच आलेली.

नाणं घडतं ते दोन पोलादी ठशांमध्ये कोरी चकती दाबून. तोच दाब पुन्हापुन्हा सोसून ठशाला तडा जातो. मग चकतीचा धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर उंचवटा उमटतो. ठशाचा टवकाच उडाला, तर धातूचा छोटा फुगवटा येतो. याउलट, ठशाच्या खाचेत वंगण साचलं की अक्षर पुसट, क्वचित गायबच! चकती आत आलीच नाही, तर ठसे एकमेकांवर आदळतात आणि पुढच्या नाण्यांवर दुसऱ्या बाजूची फिकी सावली दिसते.

असं दोष असलेलं नाणं कुठल्या टांकसाळीतलं? सालाखाली चौकट असेल तर मुंबईचं, तारा असेल तर हैदराबादचं, टिंब असेल तर नोएडाचं. खूण नसेल तर कोलकात्याचं.

अशा किरकोळ दोषाला किंमत मात्र बहुतेकदा दर्शनी मूल्याइतकीच. लाखो रुपये देतो म्हणून आधी शुल्क मागणाऱ्यांना एक पैसाही देऊ नका. रिझर्व्ह बँकेनेही 2021 मध्ये तसा इशारा दिला आहे.