औषध देणारा हात आणि त्यामागील व्यवस्था

(जागतिक परिचारिका दिनी, १२ मे रोजी, रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. औषधशास्त्रावर आपणांस काही शिकवावे असा माझा अधिकार नाही. तथापि औषधांची खरेदी, साठा आणि हिशेब माझ्या कार्यालयातून होतो आणि तेच औषध अखेरीस आपल्या हातून रुग्णाच्या शरीरात जाते. डॉक्टरांच्या लेखणीतील चूक औषध विभागात सापडू शकते, औषध विभागातील चूक वॉर्डात सापडू शकते. परंतु शिरेतून गेलेले औषध परत घेता येत नाही. या साखळीत आपले स्थान शेवटचे, म्हणूनच सर्वांत जोखमीचे आहे.

या विषयातील एक मोलाचा धडा आपल्याच भागात घडला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे कार्य सुरू केले. पुढे या संस्थेने ३९ गावांत, गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. बाळाला जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास या स्त्रिया जेंटामायसिनचे इंजेक्शनही देत असत. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या कार्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानुसार नवजात मृत्यूंच्या प्रमाणात सुमारे ६२ टक्के घट झाली होती. जंतुसंसर्ग झालेल्या बालकांतील मृत्यूंचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले होते.

जेंटामायसिन हे काही निरुपद्रवी औषध नव्हे. मात्रा अधिक झाल्यास ते मूत्रपिंडाला आणि श्रवणशक्तीला इजा करू शकते. मग पदवी अथवा पदविका नसलेल्या हातांनी ते सुरक्षितपणे कसे दिले? माझ्या अल्पमतीप्रमाणे याचे उत्तर व्यवस्थेत आहे. औषधे मोजकी होती, लक्षणे ठरलेली होती, मात्रा ठरलेली होती, प्रत्येक गोष्टीची नोंद होती आणि ती तपासणारे पर्यवेक्षक नियमितपणे येत होते. हात कुशल होतेच. पण त्या हातांना स्मरणशक्तीच्या भरवशावर सोडलेले नव्हते.

आता आपल्या वॉर्डाकडे पाहू. येथे औषधांची संख्या शेकड्यांत, पाळ्या तीन आणि पावसाळ्यात मलेरियाच्या रुग्णांची गर्दी. जेंटामायसिनच्या एका व्हायलमध्ये दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असते, तर दुसऱ्या व्हायलमध्ये ४०. बाळाला १० मिलिग्रॅम द्यायचे असताना दुसऱ्या व्हायलमधून सवयीने एक मिलिलिटर भरले, तर मात्रा चौपट होते. इन्सुलिनचेही तसेच. लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी, तर नारिंगी टोपणाची १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी असते. १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने भरल्यास २० च्या खुणेवर प्रत्यक्षात ५० युनिट जातात. पोटॅशियम क्लोराइडचे ॲम्प्यूल तर पातळ न करता थेट शिरेत कधीच देता येत नाही. गर्भिणीच्या झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट जीवनदायी ठरते. मात्र पुढील प्रत्येक मात्रेपूर्वी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वासाची गती आणि लघवीचे प्रमाण पाहावे लागते आणि कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवावे लागते.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ हे पाच नियम आपणांस मुखोद्गत आहेत. त्यांतील पहिल्याविषयी एक विनंती करतो. आपल्याकडे गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली बोलणारे रुग्ण येतात. ‘तुम्ही अमुक ना?’ असे विचारल्यास संकोचाने मान डोलावणारे पुष्कळ असतात. म्हणून नाव आपण उच्चारू नये, रुग्णाला अथवा नातेवाइकाला सांगू द्यावे आणि केसपेपरशी ताडून पाहावे. घरी पाठवतानाही गोळ्या केव्हा घ्यायच्या हे त्यांच्याकडून पुन्हा वदवून घ्यावे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. तेथील रुग्ण शंका विचारण्यास परत येऊ शकत नाही.

हिशेबाच्या वहीत प्रत्येक नोंदीला दुसरी बाजू असते. तपासणी म्हणजे लिहिणाऱ्यावरील अविश्वास नव्हे, ती त्याचे रक्षण करते. जोखमीच्या औषधांवर दोन परिचारिकांनी स्वतंत्रपणे मात्रा काढून सह्या करण्यामागेही हेच तत्त्व आहे. दूरध्वनीवरील आदेश लिहून घेऊन वाचून दाखवणे आणि शंका असल्यास औषध थांबवून डॉक्टरांना विचारणे, हा आपला उद्धटपणा नसून कर्तव्य आहे. डॉक्टर मंडळींनीही ते तसेच स्वीकारावे, ही नम्र विनंती.

प्रशासनाचे कर्तव्य याहून कमी नाही. खरेदी करताना केवळ स्वस्त दर पाहून चालणार नाही. एकसारख्या दिसणाऱ्या वेष्टनांची औषधे शेजारी ठेवू नयेत, शक्यतो एकाच तीव्रतेचा साठा वॉर्डात असावा, पोटॅशियमचे ॲम्प्यूल सर्वसाधारण कपाटातून हलवावे आणि रात्रपाळीला दुसरी सही करण्याइतके मनुष्यबळ असावे. यांपैकी काही बाबींस खर्च येईल. विश्वस्त मंडळाने तो औषधोपचाराचाच भाग समजून मंजूर करावा, अशी मी येथे जाहीर विनंती करतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांपासून होणारी टाळता येण्याजोगी हानी कमी करण्याची मोहीम जाहीर केली. तिचे यश मोठ्या शहरांतील परिषदांत ठरणार नाही. रात्री दोन वाजता एखादी परिचारिका ‘थोडे थांबा, ही मात्रा पुन्हा पाहू’ असे निर्भयपणे म्हणू शकते की नाही, यावर ते ठरेल. होता होता टळलेली चूक जी परिचारिका स्वतःहून नोंदवील, तिला जाब विचारला जाऊ नये, तिचे आभार मानले जावेत. ज्या रुग्णालयात चुका लपतात, तेथे त्या पुन्हा घडतात.

चाळीस-पन्नास कोस जंगल तुडवून आलेला रुग्ण आपल्या हाती जीव सोपवतो, तो औषधाचे नाव वाचून नव्हे, तर आपल्यावरील विश्वासाने. त्या विश्वासास पात्र ठरण्याचे बळ आपणा सर्वांस लाभो.