नातीचा पाय आणि आपली मागणीपत्रे



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. मी १९८२ च्या गिरणीसंपात सातवीतून शाळा सुटलेला आणि पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत नि वाचनालयाच्या बाकावर घेतलेला माणूस. संयोजकांनी मला ‘कामगार चळवळीपुढील प्रश्न’ असा भारदस्त विषय दिला होता. मी म्हटले, यंदा मला एकाच प्रश्नावर बोलू द्या. तो प्रश्न पावणेदोन वर्षांच्या एका पोरीच्या पायाचा आहे. ती माझी नात, आणि तिचा पाय माझ्याच हातून मोडला.

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका रविवारी मी तिला मुलुंडच्या एका बागेत नेले. घसरगुंडी उंच होती. पोर एकटी पडेल म्हणून मी तिला मांडीवर घेऊन घसरलो. मध्येच तिच्या बुटाचा रबरी तळ कडेला अडकला. पाय तिथे राहिला आणि आम्ही दोघे पुढे गेलो. तिने जो टाहो फोडला तो अजून माझ्या कानांत आहे.

मांडीवर घेतले म्हणजे मूल सुरक्षित, अशी माझी समजूत होती; आपल्यापैकी पुष्कळांची असेल. ती चुकीची आहे. एकटे मूल घसरताना पाय अडकला तर तेही बहुधा थांबते, कारण त्याचे वजन दहा-अकरा किलो. मांडीवर असले म्हणजे मागून सत्तर किलोंचा आजोबा त्याला रेटत असतो. मधल्या मध्ये पिळवटते ते नडगीचे हाड. यंत्रात बोट सापडलेले कामगार मी शेकड्यांनी पाहिले, त्यांच्या भरपाईसाठी भांडलो. पण वजनाचा आणि वेगाचा हा साधा हिशेब मला बागेत सुचला नाही.

पहिल्या एक्सरेत काही दिसले नाही. पोर मात्र पाय टेकेना. डॉक्टरांनी समजावून सांगितले, की एवढ्या लहान मुलाच्या नडगीला पडलेली बारीक, पीळदार चीर पहिल्या चित्रात पुष्कळदा दिसत नाही. आठदहा दिवसांनी हाड भरून येऊ लागले म्हणजे तिची खूण उमटते. तेव्हा चालते मूल एकाएकी पाय टेकेनासे झाले, तर त्याचे म्हणणे खरे मानावे. त्यांनी ते मानले आणि प्लास्टर घातले.

चाळीत सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी तेल चोळायला सांगितले, कोणी हाडवैद्याचा पत्ता दिला. सांगणाऱ्यांच्या मायेविषयी मला शंका नाही. परंतु मोडल्या हाडावर चोळणे म्हणजे जखम हलवणे, आणि पट्टी करकचून बांधली तर रक्ताची वाट बंद होऊन अवयव कायमचा जाऊ शकतो. प्लास्टर घातल्यावरसुद्धा आम्हांला हेच सांगितले होते : पाय उशीवर उंच ठेवा, आणि बोटे पाहत राहा. ती गार पडली, निळसर झाली, फुगली किंवा मूल समजावूनही थांबेना असे रडू लागले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

प्लास्टरची ही रीत मॅथाइसन नावाच्या डच लष्करी डॉक्टरने १८५२ साली प्रसिद्ध केली. ती जखमी शिपायांसाठी होती. शिपाई निदान हुकूम ऐकतो. आमची नात कसला ऐकते! एप्रिलचा उकाडा, आत खाज. मंडळींनी एकदा विणायची सुई घेतली, ती मी हातातून काढून घेतली; आत ओरखडा पडला तर तो दिसत नाही आणि चिघळतो. मग पुठ्ठ्याने वारा घालायचा, अंग ओल्या फडक्याने पुसायचे, पाय भिजू द्यायचा नाही, आणि कडेवर घेऊन दिवसभर फिरवायचे.

पण फिरवायचे कोणी? खरा प्रश्न इथे सुरू होतो. माझी मुलगी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी पॅकिंग कामगार आहे. रोज मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका. जावई रिक्षा चालवतो; चाक थांबले की चूल थांबते. आम्ही घरात कारखान्यासारख्या पाळ्या लावल्या. पहिली पाळी आजीची, दुसरी माझी, रात्रपाळी आईबापांची. तरीही पहिले सहा दिवस मुलीला घरी राहावेच लागले. ते पोर दुसऱ्या कोणाकडे जाईना. सहाही दिवसांचा पगार कापला गेला. तिने विचारले तेव्हा मुकादम म्हणाला, “पोरीचा पाय मोडलाय, तुझा नाही.”

मला राग आला. पण रात्री मी विचार केला, तेव्हा ध्यानात आले की मुकादमाने नियमच सांगितला होता. कामगार विम्यात कामगाराच्या मुलाला औषधपाणी मिळते. आजारपणाचा भत्ता मात्र कामगार स्वतः आजारी पडला तरच. मी माझी जुनी मागणीपत्रे काढून वाचली. तीस वर्षांत बोनस, महागाईभत्ता, कॅन्टीन, गणवेष, सारे मागितले. मूल आजारी पडल्यास रजा, अशी एक ओळ मी कधी लिहिली नव्हती. लिहिणारे आम्ही सारे पुरुष. घरी पोर कोण सांभाळते हे आम्ही विचारलेच नव्हते.

ही गोष्ट अशक्य आहे काय? केंद्र सरकारने आपल्या महिला कर्मचाऱ्यांना २००८ साली संगोपनासाठी सबंध नोकरीत ७३० दिवसांची रजा दिली. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली १८० दिवसांची. म्हणजे तत्त्व मान्य आहे. मंत्रालयातल्या बाईच्या मुलाचे हाड आणि मरोळमधल्या बाईच्या मुलाचे हाड भरून यायला तेवढेच दिवस लागतात. रजा मात्र एकीला आहे, दुसरीला नाही.

मालक म्हणतील, परवडणार नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी रविवारची सुटी मागितली तेव्हाही हेच म्हटले गेले. १८९० साली ती मिळाली. बाळंतपणाच्या रजेचे विधेयक मुंबई विधिमंडळात आले, त्याला १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि पुढच्याच वर्षी कायदा झाला. गिरण्या त्यामुळे बुडाल्या नाहीत.

माझी सूचना एवढीच. वर्षाला दहा दिवस, मूल आजारी असता, आईला किंवा बापाला. ‘किंवा बापाला’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत; रजा आईचीच ठरली तर मालक बाईला कामावरच घेणार नाही. आणि पैसा एकट्या मालकाच्या खिशातून न येता विम्याच्या निधीतून यावा. त्यात मालकाची वर्गणी पगाराच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराची पाऊण टक्का आहे. ती थोडी वाढली तरी मी माझ्या सभासदांना समजावीन.

चार आठवड्यांनी प्लास्टर निघाले. पोर लगेच धावेल असे आम्हांला वाटले होते. ती आठवडाभर रांगतच राहिली, मग लंगडत चालली. डॉक्टर म्हणाले, घाई करू नका, चालायचे तेव्हा ती आपण होऊन चालेल. जूनच्या पहिल्या पावसात ती डबक्यात उड्या मारू लागली. आता बागेत गेलो की ती घसरगुंडीवर एकटी बसते आणि मी खाली हात पसरून उभा राहतो.

आमच्या नव्या मागणीपत्रात ती ओळ अठरावी आहे. एक तरुण सभासद म्हणाला, “दादा, आधी बोनसचे बोला.” बोनसचे बोलूच. पण अठरावी ओळ मी खोडणार नाही, आणि आपणही आपापल्या ठिकाणी ती लिहावी, एवढे सांगण्यासाठीच मी आज आलो.