जनसुनावणीत बोला, आणि बोललेलं कागदावर आलं का ते बघा



डिचोलीत खाण म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायला नको. लाल धूळ, ट्रकांची रांग, आटलेल्या विहिरी आणि त्याच ट्रकांवर चाललेली घरं, सगळं आपण बघितलंय. त्यामुळे खाण हवी की नको, यावर मी आज बोलणार नाही. त्यावर एकेका घरात दोन मतं आहेत. मी बोलणार आहे जनसुनावणीवर, कारण दोन्ही मतांच्या लोकांना तिची गरज आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते. 7 फेब्रुवारी 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या 88 खाण लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. नव्याने लीज द्या आणि पर्यावरण दाखलाही नव्याने घ्या, असं सांगितलं. मग डिसेंबर 2022 मध्ये डिचोली खनिज ब्लॉकचा लिलाव झाला. तो वेदांताला मिळाला. क्षेत्र सुमारे 478 हेक्टर. ऑगस्ट 2023 मध्ये जनसुनावणी झाली आणि जानेवारी 2024 मध्ये केंद्राचा पर्यावरण दाखला आला. आमची घरं, देवळं, शेतं लीजच्या हद्दीतून वगळा, ही मुळगावच्या लोकांची मागणी मात्र त्यानंतरही चालूच राहिली.

मग लोक विचारतात, "बोलून काय उपयोग? ठरलेलं असतंच ना?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायचं तर सुनावणी चालते कशी, ते बघायला हवं. 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे ती राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्ष असतो. पण तिथे निर्णय होत नाही. हात वर करून मतदान नाही, किती लोक हजर हवेत याची अटही नाही. मंडळ फक्त इतिवृत्त तयार करून पुढे पाठवतं. मोठ्या प्रकल्पांबाबत ते दिल्लीतल्या तज्ज्ञ समितीपुढे जातं. त्या समितीला आपली तळी, आपले व्हाळ माहीत नसतात. तिच्यासमोर कागद असतो. आपण दिलेल्या घोषणा सभागृहातच विरतात, दिल्लीला जातं ते इतिवृत्त.

कागदाची ताकद किती, ते शेजारच्या पेडण्यात दिसलं. मोपा विमानतळाची जनसुनावणी फेब्रुवारी 2015 मध्ये झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दाखला मिळाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 29 मार्च 2019 ला न्यायालयाने तो दाखला स्थगित केला. जंगलांची, संवेदनशील क्षेत्रांची माहिती अर्जात नीट दिली नव्हती. लोकांनी मांडलेल्या मुद्द्यांचाही समितीने पुरेसा विचार केला नव्हता. जनसुनावणी हा निव्वळ उपचार नाही, असं न्यायालयाने बजावलं. पुढे जानेवारी 2020 मध्ये जादा अटी घालून स्थगिती उठली आणि विमानतळ उभा राहिला, हेही खरं. पण देशातला एवढा मोठा प्रकल्प नऊ-दहा महिने थांबला तो कागदावरच्या मुद्द्यांमुळे.

म्हणून पुढच्या सुनावणीआधी तीन कामं करूया.

पहिलं, अहवाल वाचूया. सुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते. अहवालाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात आणि पंचायत किंवा पालिकेत बघायला मिळते. स्थानिक भाषेत फक्त सारांश देणं बंधनकारक आहे, बाकी शेकडो पानं इंग्रजीत. इथेच आपलं काम आहे. आपण कॉलेजात शिकतोय. भूगोलवाल्याने पाण्याचं प्रकरण घ्यावं, वनस्पतीशास्त्रवाल्याने झाडांचं. आपल्या वाड्यावरची झर त्यात आहे का, विहिरी बरोबर मोजल्यात का, एवढं तपासून घरच्यांना मराठीत सांगितलं तरी खूप झालं.

दुसरं, लेखी द्यायचं. "आमचा विरोध आहे" किंवा "आमचा पाठिंबा आहे" एवढ्यावर समिती काय करणार? "अहवालात अमुक पानावर या व्हाळाचा उल्लेख नाही, पावसात त्याच पाण्यावर आमची शेती होते" असं लिहिलं, तर कंपनीला त्या मुद्द्यावर उत्तर द्यावं लागतं. पोचपावती घ्यायला विसरू नका.

तिसरं, शेवटपर्यंत बसायचं. आपलं बोलून झालं की आपण उठून जातो. पण सुनावणी संपताना कामकाजाचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखवला पाहिजे, असा नियम आहे. आपला मुद्दा गळला असेल तर त्याच क्षणी उभं राहून "नोंद करा" म्हणता येतं. सगळ्याचं व्हिडिओ चित्रीकरणही होतं.

आता सीमेवरच्या मित्रांसाठी. सुनावणी प्रकल्प ज्या जिल्ह्यात, त्या जिल्ह्यात होते. मोपाचा सडा संपला की सिंधुदुर्ग सुरू होतो. डिचोलीच्या पलीकडे दोडामार्ग आहे. धूळ आणि पाणी चेकनाक्यावर थांबत नाही. तुमचा जिल्हा वेगळा असला तरी प्रकल्पाशी तुमचा संबंध पोचत असेल, तर लेखी म्हणणं पाठवायचा हक्क तुम्हाला आहे. तो वापरा. आम्हाला सूचना आधी कळली तर आम्ही तुम्हाला कळवू, तुम्हाला कळली तर तुम्ही आम्हाला कळवा.

एवढं केल्याने प्रत्येक वेळी आपल्या मनासारखं होईल, असं मी म्हणत नाही. पण उद्या कुणी कोर्टात गेलं, तर "गावाने हे तेव्हाच सांगितलं होतं" हे दाखवायला कागद हवा. तो तयार करणं आपल्या हातात आहे.