अर्ज तिचा, शब्दही तिचेच



आज मला बोलायचं आहे ते लिहिणं हाच ज्यांचा रोजचा व्यवसाय आहे किंवा होता, अशा मंडळींशी. शिक्षक, पत्रकार, निवृत्त कारकून, वकिलीचं शिक्षण घेणारी मुलं. आपल्या अमरावती-अकोल्याकडे शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर त्याच्या घरातल्या बाईला कागदामागून कागद लिहावे लागतात. ते लिहायला तुम्ही मदत करा. कशी, ते सांगतो.

शासनाची एक लाखाची मदत आपोआप मिळत नाही. २००६ च्या निकषांप्रमाणे कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं, ते नापिकीमुळे थकलेलं असावं लागतं आणि वसुलीचा तगादा दिसावा लागतो. प्रकरण पात्र की अपात्र, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते.

समजा, दर्यापूरकडची एखादी बाई सांगते, "पोळ्याच्या आदल्या दिवशी सोसायटीचा मानूस आला, चार लोकायसमोर बोलला. तवापासून मालक जेवलेच नाई." आपण लिहिणारे लोक याचं काय करतो? "सततच्या आर्थिक विवंचनेला कंटाळून" असं गुळगुळीत वाक्य लिहितो आणि तगाद्याचा पुरावाच पुसून टाकतो. अहो, पोळ्याचा आदला दिवस म्हणजे तारीख मिळाली. चार लोक म्हणजे साक्षीदार मिळाले, त्यांची नावं विचारा. कर्जाचा उतारा कुठे मागायचा, तेही कळलं. तिच्या त्या दोन वाक्यांत अर्जाचा अर्धा मजकूर आहे.

म्हणून पहिल्या दिवशी वही मिटूनच ठेवा. तिला बोलू द्या, मध्ये रडू आलं तर थांबा. मसुदा झाला की तो तिला तिच्या बोलीत वाचून दाखवा, कारण चौकशीला उत्तरं तिलाच द्यायची आहेत. जे घडलं नाही त्याचं एक अक्षर घालू नका. एक खोटं वाक्य सापडलं की बाकीच्या खऱ्यावरचाही विश्वास उडतो.

माझ्या मते मदतीच्या अर्जापेक्षाही महत्त्वाचा कागद वारस नोंदीचा आहे. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या, घरातल्या शेतकऱ्याने आत्महत्या केलेल्या ५०५ महिलांची पाहणी केली. त्यांतल्या ४० टक्के बायका कसत असलेली जमीन त्यांच्या नावावर झालेली नव्हती. सातबाऱ्यावर नाव नसेल तर पीककर्जापासून नुकसानभरपाईपर्यंत पावलोपावली अडतं. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. तोंडी कळवलं तरी चालतं, आणि तलाठ्याने लगेच लेखी पोच द्यायची असते. ती मागून घ्याच. मुदत टळली म्हणून हक्क जात नाही. सासऱ्या-दिरांची कुरबुर असली तर तो राग अर्जात उतरवू नका. गट नंबर, मुलांची नावं, वयं, मृत्यूची तारीख, एवढं स्वच्छ लिहा.

प्रकरण अपात्र ठरलं तर रडकथा पुन्हा लिहीत बसण्यात अर्थ नाही. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून तहसीलदारांचा चौकशी अहवाल आणि समितीच्या बैठकीचं इतिवृत्त मागा. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही शुल्क नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा. दुसऱ्या अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही, राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ अमरावतीतच आहे. नेमका कुठला निकष पुरा झाला नाही हे हाती आलं, की पुढचा अर्ज तेवढ्यापुरता लिहिता येतो.

सही किंवा अंगठा तिचाच हवा, आणि शिक्का मारलेली प्रत तिच्याच घरी राहू द्या. या कामाचे पैसे घेऊ नका.

मूर्तिजापूर असो, बार्शीटाकळी असो की चांदूर बाजार, तुमच्या गावात असं एखादं घर तुम्हाला ठाऊक असेलच. येत्या रविवारी तिथे जाऊन बसा, आणि अर्ज तयार झाला की तो द्यायला तिच्यासोबत तहसीलपर्यंत जा.